गुरलिंगअप्पांना न चालणारा शब्द

आमचे शेजारी गुरलिंगअप्पा यांच्या लातूरच्या कापडदुकानात घासाघीस चालायची, दुपारभर साड्या बघून काही न घेता उठून जाणंही चालायचं. ‘येडा’ हा शब्द तेवढा चालायचा नाही.

आता आमच्याकडच्या माणसाला हा शब्द सोडून बोला म्हणणं, म्हणजे तिखट सोडून जेवा म्हणण्यासारखं. रेणापूरचा एक पाहुणा लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला. साड्यांचा ढीग पसंत झाला. भाव ऐकून तो सहज म्हणाला, “अप्पा, येडे झालात का?” अप्पांनी एकेका साडीची घडी घातली आणि सगळ्या परत कपाटात ठेवल्या. “दुसरं दुकान बघा,” म्हणाले. बिचारा माफी मागत राहिला. कशाची, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी शाळामास्तर. एकदा त्यांच्या दुकानातून बायकोशी फोनवर बोलत होतो, तर मलाही टोकलं.

“सर, शब्द बदला.”

“अहो, लाडानं म्हणालो.”

“लाडाला दुसरे लई शब्द हायत.”

गल्ली हसायची. मीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात अप्पा सकाळीच दारात आले. “सर, गाडी काढता का? नांदेडच्या वाटंला जुना दवाखाना हाय. पाडायलेत म्हणे. एकदा बघायचाय.”

तो निजामाच्या काळातला, मनोरुग्णांचा. कधीचाच बंद पडलेला. लोक त्याला पागलखानाच म्हणतात. मी ते नाव काढलं नाही; शेजार टिकवायचा होता.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, “आत काय बघता? येड्यांच्या खोल्या हायत नुसत्या.” मी घाईनं अप्पांकडं बघितलं. ते त्याला न टोकताच आत निघाले. तिथं मला पहिल्यांदा काळजी वाटली.

आत छत बसलं होतं. गंजलेल्या खाटा एकीवर एक पडल्या होत्या, वटवाघळांचा वास भरला होता. अप्पा कुणाला न विचारता बायकांच्या बाजूला गेले आणि एका गजाच्या खिडकीपाशी थांबले.

“हितं उभी राहायची. मी बाहेर.”

“कोण, अप्पा?”

“महानंदा. माझ्या घरी होती ना, वरच्या खोलीत.”

मला आठवली. कुणी दिसलं की पदर ओढून घेणारी म्हातारी. अप्पांची बिदरकडची लांबची बहीण, एवढंच गल्लीला ठाऊक. दोनेक वर्षांमागं वारली.

“लांबची न्हाई, सर. सख्खी. माझ्याहून थोरली.”

लग्नाआधीच तिला भास व्हायला लागले. धाकट्या बहिणींची लग्नं अडतील म्हणून वडिलांनी तिला इथं आणून सोडलं आणि गावात सांगितलं, हैदराबादला तापानं गेली, तिथंच माती दिली. घरी तिचे दिवससुद्धा घातले. अप्पा तेव्हा शाळेत होते. मोठे झाल्यावर ते चोरून भेटायला येऊ लागले, आणि वडील गेल्यावर तिला घरी घेऊन आले.

“आणली, पण बहीण म्हणून आणता आली न्हाई. मेलेलं माणूस जित्तं कसं करायचं? बहिणींच्या सासरी काय सांगायचं?”

“महानंदाबाईंना कळायचं हे?”

“सगळं. लोकांपुढं मला मालक म्हणायची. दार लावलं की गुऱ्या.”

ते जरा हसले. मग म्हणाले, “गेली तवा कुणी बसायला आलं न्हाई. लांबच्या बहिणीसाठी कोण येतं? दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवत बसलो.”

पलीकडं जेसीबी सुरू झाला. अप्पा खिडकीखालच्या कट्ट्यावर टेकले. मी चपला काढल्या, फरशीवरची माती हातानं सारली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो, दुखवट्याच्या घरी बसतात तसा.

“काय झालं होतं अप्पा, बहिणीला?” मी विचारलं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “आदी नुसता खोकला होता,” ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगू लागले.