तिघेही जिंकत होते

लढाईचा वृत्तांत लिहावा तर तो नेरिओनंच, असं माराकाइबो शहरात चार माणसांचं ठाम मत होतं. त्या चौघांत एक नेरिओ स्वतःच होता, ही गोष्ट वेगळी! दर शनिवारी त्याच्या घरी 'सात सूर्य' नावाचा खेळ मांडला जायचा. टेबलभर पसरलेला अंतराळाचा पट, त्यावर ग्रह, प्लास्टिकची चिमुकली जहाजं, फासे, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले चार जिवलग मित्र. दुसऱ्या दिवशी नेरिओ फोनच्या ग्रुपवर वृत्तांत टाकायचा, आणि तो असा, की हरलेल्यालाही वाटावं, वा, काय शानदार हरलो आपण!

मग देशाला ओहोटी लागली. योल्फ्रान लिमाला गेला. माइग्वालिदा सान्तियागोला. एन्देर तर थेट माद्रिदला. नेरिओ फ्रिज दुरुस्त करत मागं राहिला, कारण आईला सोडवत नव्हतं आणि आई गाव सोडत नव्हती. "मरायचंच तर इथं उकडून मरेन," ओलिंदाबाई म्हणायच्या, "परक्यांच्या थंडीत काकडून नाही!"

खेळ मात्र थांबला नाही. तिघं आपापल्या चाली फोनवर बोलून पाठवायचे, नेरिओ त्यांची जहाजं हलवायचा. फासे टाकायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं आईला बसवलं. नुसतं बसायला तिला बरं वाटेना, म्हणून पटावरची चाच्यांची काळी जहाजं, जी कुणाचीच नसतात, ती तिला देऊन टाकली. काय बुद्धी झाली कोण जाणे!

योल्फ्रान लिमात मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवायचा. एक दिवस कुणीतरी पिस्तूल दाखवून ती मोटरसायकल नेली. आणि त्याच आठवड्यात इकडे पटावर ओलिंदाबाईंनी त्याची लाल राजधानी जाळली! नेरिओनं झोकात लिहिलं होतं, 'लाल राजधानीची राख झाली.' पाठवणार, तोच बोट अडलं. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, 'लाल राजधानी थोडक्यात वाचली!' बाकीच्यांना संशय नको म्हणून थापही मारली, "विजेच्या घोळात ग्रुपवर काही जातच नाही. ज्याला त्याला वेगळं पाठवतो."

आईनं मान लांब करून वाचलं. "खोटारड्या! ती राजधानी मी घेतलीय!"

"आई, त्याची गाडी गेलीय."

"मग गाडी दे! माझी राजधानी कशाला वाटतोस?"

पण योल्फ्रानचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी हसणारा. "बघितलंस? लाल कधी मरत नाही!" नेरिओचं काळीज लोण्यासारखं वितळलं.

आता एकाला औषध दिलं की दुसऱ्याचा खोकला ऐकू येतो. माइग्वालिदा ज्या म्हातारीची शुश्रूषा करायची, ती म्हातारी गेली. तिच्याबरोबर नोकरी गेली, राहायची खोलीही गेली. झालं! तिचं पिवळं आरमार कबरीतून उठलं. एन्देरचा माद्रिदमध्ये राहायच्या परवान्याचा अर्ज फेटाळला गेला, तर निळे थेट आकाशगंगेच्या मधोमध सिंहासनावर जाऊन बसले. मग एन्देरला सिंहासन आणि इतरांना बाहेर पायरीवर कसं बसवायचं? बसवलं त्यांनाही! एका सिंहासनावर तीन सम्राट, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. लवकरच माइग्वालिदाला नवी नोकरी लागली, एन्देरचे कागद झाले, अशा बातम्या यायला लागल्या. नेरिओला वाटलं, आपल्या लेखणीला गुण आहे.

घात केला वाढदिवसानं. एन्देरनं योल्फ्रानला शुभेच्छा द्यायला फोन केला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "सिंहासन मी घेतलं म्हणून राग नको धरूस हं."

"तू घेतलंस? अरे, तुझं निळं कधीच संपलंय! मीच संपवलं!"

रविवारी भर दुपारी तिघांचे चेहरे नेरिओच्या फोनवर उगवले. नेरिओनं चिनितामातेला नवस केला, बाई, आत्ता वीज घालव! अख्ख्या शहरात असा नवस करणारा हा पहिलाच. एरवी जेवताना, झोपताना, घाम पुसतानासुद्धा जाणारी वीज त्या दिवशी जावयासारखी ठाण मांडून बसली.

"पट दाखव," माइग्वालिदा म्हणाली.

"अगं, इथं वीज नाहीये! अंधार..."

"तुझ्या मागं पंखा फिरतोय," एन्देर म्हणाला.

ओलिंदाबाईंनी लेकाच्या हातातून फोन काढून घेतला आणि पटावर धरला. सूर्यापासून सूर्यापर्यंत काळंच काळं! काळ्या तिळाचं पोतं फुटावं तसं.

"मावशी, हे काळं कोण?" माइग्वालिदानं विचारलं.

"मी," ओलिंदाबाई म्हणाल्या. "जेवता ना रे वेळेवर?"

कुणी हसलं नाही. योल्फ्राननं विचारलं, "माझी राजधानी कधी पडली?"

"गाडी गेली... त्याच आठवड्यात."

"म्हणजे भीक घातलीस."

"तसं नाही रे..."

"मी आता पायी हिंडतो, नेरिओ. पिशवी पाठीवर घेऊन लोकांचे जिने चढतो. प्रत्येक जिन्यावर स्वतःला सांगायचो, चढ बाबा, तिकडे तुझी राजधानी उभी आहे!" आणि त्याचा चेहरा पडद्यावरून गेला.

मग माइग्वालिदा म्हणाली, "मला नोकरी लागलेली नाही. ओळखीच्या एकीकडे जमिनीवर झोपते. तू मला एवढं जिंकवत होतास, कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

एन्देर नखं बघत होता. "कागदांचं... माझंही तसंच," तो म्हणाला.

ओलिंदाबाईंनी पडद्यावरच्या दोघांकडे आणि लेकाकडे पाहिलं. "सगळेच हरलात होय? मग रडता कशाला, जोडीला माणसं आहेत! मांड रे पट नव्यानं."

नवा डाव सुरू झाला, वृत्तांतही खरा जाऊ लागला. ओलिंदाबाई दोघांना दर शनिवारी धुऊन वाळत घालत, आणि दोघं नेरिओला मनसोक्त शिव्या देत. लाल जहाजं खोक्यातच राहिली. योल्फ्रान फोन उचलत नव्हता.

एका सकाळी त्याचा निरोप आला. फक्त नेरिओला. 'वृत्तांत पाठव. खरा नको. माझावाला.'

नेरिओनं फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला. लिहावं तर पुन्हा तेच पाप, न लिहावं तर लिमातले जिने. ओलिंदाबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं आल्या, चष्मा वर करून निरोप वाचला. एका ग्रहासाठी पोटच्या पोराशी भांडणारी ती बाई! ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"लिही," त्या म्हणाल्या. "आणि मला एका फटक्यात मारू नकोस. हाल हाल करून मार. पोराला तेवढंच बरं वाटेल."