रामप्रसादची प्रोसेसर-पंगत

वाटूर फाट्यावर कॉम्प्युटर क्लास काढल्यापासून रामप्रसादला गावात एकही माणूस शहाणा दिसेनासा झाला होता! बहिणीचा, वर्षाराणीचा साखरपुडा ठरला, तेव्हा त्याने छातीच ठोकली.

"पंगत मी चालवणार! बिलकुल प्रोसेसरसारखी!"

"हा कोन? नवा आचारी?" बाप धुळाजीने विचारलं.

रामप्रसादने कीव केल्यासारखं पाहिलं. "कॉम्प्युटरचा मेंदू हाय, आबा. काम पडंल तव्हा, पडंल तेवढाच माल मागवून घेतो. तुमची पंगत म्हंजे नुसता धिंगाणा!"

त्याचा हिशेब असा: चुलवण म्हणजे मोठी मेमरी, लांबची आणि मंद. म्हणून प्रत्येक रांगेच्या तोंडाशी जिलेबी-वरणाच्या छोट्या बादल्या. ती कॅश मेमरी, सारखं लागणारं हाताशी. दोन्हींच्या मधून माल नेणारी एकच वाट. प्रोसेसर ठोक्यावर काम करतो, म्हणून मधोमध रामप्रसाद शिट्टी घेऊन उभा. शिट्टी वाजली की पळी हलणार! आणि सगळ्यात मोठा कायदा: मागणी आल्याशिवाय दाणाही हलवायचा नाही.

आष्टीचे पाहुणे बसले. वरबाप साहेबराव फेटा सावरत पहिल्या पानावर. शिट्टी झाली, आणि त्या एकाच वाटेवर जाणारं वरण येणाऱ्या रिकाम्या घमेल्यावर आदळलं! अर्धं वरण मातीने प्यायलं.

"माल जरा जास्त झाला वाटेवर," रामप्रसाद निर्लज्जपणे म्हणाला.

पहिलं वाढप कसंबसं उरकलं. साहेबरावांची पत्रावळ चाटूनपुसून साफ झाली. चुलतभाऊ प्रितम जिलेबी घेऊन आला, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"न्हाई, न्हाई! पुरे!"

आता जालना जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, की इवायाने, म्हणजे व्याह्याने, पुरे म्हटलं की खरं जेवण सुरू होतं. हात आडवा होता, पण बोटांत एवढी फट होती की अख्खी जिलेबी आरपार जावी! प्रितम सवयीने वाकला, तोच शिट्टी कडाडली.

"मागणी न्हाई! फुडं चल!"

आष्टीच्या सगळ्या रांगेने रीतसर एकेकदा नको म्हटलं, आणि बादली परत फिरकलीच नाही. बादल्या भरलेल्या, पत्रावळी कोरड्या, आणि हा दीडशहाणा फुगलेला! "बघा आबा, एक कण वाया न्हाई!"

साहेबराव ताडकन उठले. "चला रे, आष्टीला जाऊन जेवू. जिथं आग्रह न्हाई, तिथं सोयरीक काय करायची?"

धुळाजीचं तोंड पांढरंफटक पडलं. आत वर्षाराणीने रडायला सुरुवात केली. मग आई, जयवंताबाई, पदर खोचून आली. तिने पोराची शिट्टी हिसकून चुलीत टाकली, बादली उचलली.

"इवाई, तुमाला शपथ हाय, बसा!" आणि ते टेकताच आडव्या हातासकट पत्रावळीवर जिलेब्यांचा ढीग ओतला.

"नको! नको! जल्दी आवरा!" साहेबराव ओरडले. चेहरा मात्र असा खुलला, की सोयरीक वाचली हे सगळ्यांनाच कळलं.

शेवटच्या पंगतीला रामप्रसाद बसला. सकाळपासून उपाशी. तरी आपणही एकदा पाहुण्यांसारखं जरा मानाने वागावं, असं त्याला वाटलं. आई जिलेबी घेऊन आली, तसा त्याने हात आडवा धरला, बोटांत फट ठेवून.

"नको, आई."

"बराबर," जयवंताबाई म्हणाली. "मागणी न्हाई." आणि बादली पुढे गेली.