भरली कळशी आणि दामूमास्तर

दामूमास्तरांनी मला चेहऱ्यावरून कधी ओळखलं नाही. ते माजघरात असले आणि बाहेर पायरीवर माझं पाऊल वाजलं, की आतून आवाज यायचा, "कोण, उजवी टाच घासणारा? ये, ये." समोर जाऊन उभा राहिलो तरी ते बोलायचे माझ्या गुडघ्यांशी. सबंध रेवदंड्यातली माणसं त्यांना अशीच ठाऊक होती. आमचे टपालवाले म्हणजे 'आखडलेली पोटरी'. भटजी म्हणजे 'बाहेर वळलेले चवडे'. हवालदार म्हणजे 'पोट पुढं, माणूस मागून'. एकदा हवालदार माझी सरकारविरोधी पत्रकं जप्त करायला आले, तर मास्तर त्यांना रस्त्यातच म्हणाले, "हवालदार, टाच आधी टेकवा, मग चवडा. कंबर दुखायची थांबेल." हवालदार टाच टेकवत टेकवत आले आणि पत्रकं घेऊन टाच टेकवतच गेले.

शाळेत ते कसरतीचे मास्तर होते. होते म्हणायचं कारण, एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले आणि म्हणाले, पोरांना ताठ उभं करा. मास्तरांनी विचारलं, "किती वेळ? ताठ उभं राहणं ही विश्रांती नव्हे, साहेब. मेहनत आहे. पोटऱ्यांना विचारा." साहेबांनी पोटऱ्यांना विचारलं नाही. मास्तरांना मुदतीआधीच घरी बसवलं. माझं रक्त उसळलं. मी रातोरात एक जळजळीत पत्रक काढलं, 'गुलामीचा कणा'. मास्तरांनी ते शांतपणे वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "कण्याविषयी काहीच लिहिलं नाहीस की यात."

असा माणूस. गावावर अन्याय होवो, देशावर होवो, ह्यांचं लक्ष सांध्यांवर.

त्यांच्या ओसरीच्या आढ्याला एक लाकडी माणूस टांगलेला असायचा. फणसाच्या लाकडाची हाडं, खुब्याच्या उखळीला नारळाची करवंटी, गुडघ्याला चामड्याची बिजागरी, आणि स्नायूंच्या जागी काथ्याचे दोर. गावानं त्याचं नाव ठेवलं होतं काथ्याराव. जो कोणी ओसरीवर येईल त्याला काथ्यारावाचा दंड हातात घ्यावाच लागायचा.

"पुढचा दोर ओढ," मास्तर म्हणायचे. ओढला की कोपर वाकायचं.

"आता तोच दोर ढकल."

दोर कसला ढकलला जातो? तो लोळायचा.

"बघ! देहात ढकलणारा कुणी नाही. सगळे ओढणारेच. हात सरळ करायचा तर दंडाच्या मागच्यानं ओढायचं, आणि त्या वेळी पुढच्यानं सैल सोडायचं. दोघेही हट्टाला पेटले की हात नुसता थरथरतो. परवा बाजारात भाषण करताना तुझी मूठ थरथरली तसा."

"तो त्वेष होता, मास्तर."

"त्वेष कसला? दोन स्नायूंचं भांडण ते."

बापू सुताराचा भाऊ गेला तेव्हा तर कमाल झाली. तिरडी उचलून मंडळी निघाली आणि मागून मास्तर म्हणाले, "पुढचे दोघं उंच आहात, गुडघ्यात थोडं नरमा." बापू रडत रडत वळला, "मास्तर, आज तरी राहू द्या हो." मास्तर म्हणाले, "अरे, त्याला हेलकावे बसतायत." मग पुढचे दोघं खरंच नरमले. स्मशानापर्यंत तिरडी हलली नाही.

हे वेड आलं कुठून, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांची एकुलती मुलगी वेणू चार वर्षांची असताना मोठ्या तापातून उठली, ती डाव्या पायातलं बळ घालवूनच. आई आधीच गेलेली. डॉक्टर म्हणाले, ही आता चालायची नाही. मास्तर मुंबईला जाऊन शरीराच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि त्या पावसाळ्यात त्यांनी काथ्याराव घडवला. वेणू चालली. डावीकडं झुकत चालली, पण चालली. विहिरीवर जाऊ लागली, शाळेत जाऊ लागली, आणि बघता बघता लग्नाच्या वयाची होऊन ते वय ओलांडूही लागली.

आणि इथं आमच्या समाजाची अक्कल आडवी आली. आमच्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा पोहे खातात, नाव विचारतात, सुईत दोरा ओवायला लावतात, आणि मग घरातला सगळ्यांत निरुपयोगी पुरुष मिशीला पीळ देऊन म्हणतो, "जरा चालून दाखव, बाय." मी यावर पत्रक काढलं होतं, 'बैलबाजार बंद करा'. पण पत्रकांनी बाजार बंद होत नाहीत. वेणूला बघायला आलेली स्थळं पोहे खाऊन, चाल बघून, 'कळवतो' म्हणून गेली होती. कळवलं कुणीच नाही. आता नांदगावहून एक स्थळ येणार होतं आणि गावातल्या बायका म्हणत होत्या, हे शेवटचंच.

त्या आठवड्यात मास्तरांनी मला बोलावून घेतलं. डोळे चमकत होते.

"वेणू विहिरीवरून येताना लंगडत नाही. पाहिलंयस कधी?"

"नाही."

"भरली कळशी डाव्या कमरेवर असली की सरळ चालते. का? इकडं ये." त्यांनी काथ्यारावाला डाव्या पायावर उभं केलं. "एका पायावर उभं राहिलं की बाकीचा सगळा देह उजवीकडं लोंबतो. त्याला सावरतो खुब्याच्या बाहेरचा हा दोर. वेणूचा नेमका हाच कच्चा. म्हणून ती अख्खं अंग डावीकडं टाकते." मग त्यांनी काथ्यारावाच्या डाव्या कमरेला एक नारळ बांधला. काथ्याराव सरळ झाला. "कावडीसारखं आहे. एका बाजूला वजन आलं की दुसरी बाजू तोलते. दोराचं अर्धं काम नारळ करतो."

मला सगळं कळलं आणि मी उठून उभा राहिलो. "म्हणजे त्या लोकांपुढं तिला कळशी देऊन चालवणार? मास्तर, ही फसवणूक आहे. त्या प्रथेपुढं मान कशाला तुकवता? हाकलून द्या त्यांना!"

"हाकलून दिलं की वेणूचं लग्न होतं का?"

माझा हात खिशातल्या पत्रकांकडं गेला.

"मग तू पत्रक काढ," मास्तर म्हणाले, आणि वेणूला हाक मारून सांगू लागले, "कळशीकडं झुकू नको. कळशीपासून पळूही नको."

रविवारी पाहुणे साळावची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून आले. मुलगा जनार्दन, त्याची आई आणि मिशीवाले मामा. मी खिशात पत्रकं कोंबून कोपऱ्यात बसलो होतो. मामांनी तोंड उघडण्याआधीच वेणू मागच्या परड्यातून कळशी घेऊन आली, अंगण ओलांडून ओसरीवरून आत निघाली. काय चालली! कुठं झोक नाही, कुठं हेलकावा नाही. मास्तरांची नजर तिच्या डाव्या खुब्यावरून हलत नव्हती.

"चाल झ्याक हाय," मामा म्हणाले.

तेवढ्यात जनार्दनाची आई उठली. सगळा जन्म पाणी वाहिलेली बाई. दुसरीच्या कमरेवर ओझं बघून तिला बसवेना. "ठेव गो बाय ती खाली. पावण्यांसमोर किती येळ वागवशील?" असं म्हणत तिनं वेणूच्या कमरेवरची कळशी स्वतःच उचलून घेतली.

मास्तरांनी पुस्तकातला एकेक स्नायू पाठ केला होता. पण विहिरीवरून आलेल्या पोरीचं ओझं बाई उतरवून घेते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. घरात बाई नव्हती ना.

वेणू पोहे आणायला वळली आणि डावीकडं झुकली. मग पुन्हा झुकली. मामांच्या भुवया वर गेल्या.

मास्तर उभे राहिले. "मी फसवत होतो," ते म्हणाले. "ती नव्हती फसवत. मी सांगितलं म्हणून तिनं केलं." एवढं बोलून थांबले असते तर बरं. पण त्यांचा हात काथ्यारावाकडं गेला. खुब्याची उखळी काय, तिच्यात हाडाचा गोळा कसा फिरतो, तो दोर कच्चा कसा पडला, सगळं सुरू झालं.

"मास्तर," मामा म्हणाले, "आमी सोयरीक बघाया आलोय. बाहुल्यांचा खेळ न्हाय."

माझा बांध फुटला. "आणि तुम्ही काय बैल बघायला आलात? लाज वाटत..."

"खाली बस रे," वेणू आतून म्हणाली. मी बसलो.

जनार्दनाच्या आईनं कळशी अजून धरलेलीच होती. तिनं ती जमिनीवर ठेवली आणि पदरानं कपाळ पुसलं. "यात दडवायचं काय व्हतं? आमची हीर वाडीच्या टोकाला हाय. भरली कळशी रोजचीच."

हे तर फारच झालं. "म्हणजे तुम्हाला पाणी भरायला सून पाहिजे!"

तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "आन् तुज्या घरी पानी कोन भरतं रं?"

या प्रश्नावर माझ्याकडं पत्रक नव्हतं.

वेणू पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळ्यांपुढं ठेवल्या आणि जनार्दनासमोर उभी राहिली. "माझी चाल बघून झाली. आता तुम्ही चालून दाखवा."

"अगो!" मामा ओरडले. पण जनार्दन उठला होता. बिचारा कानापर्यंत लाल झाला. ओसरीच्या टोकापर्यंत गेला, वळला, काथ्यारावाच्या पायाला धडकला, त्याला हात लावून माफी मागितली आणि परत आला.

वेणूनं बापाच्याच नजरेनं बघितलं. "उजवा खांदा खाली पडतो. रोज त्याच खांद्यावरून काय वाहता?"

"नारळ. वाडीतले."

"खांदा बदलत जा."

"व्हय," जनार्दन म्हणाला. आई हसली. वेणू आत जाता जाता हळूच म्हणाली, "बाबा, मला पसंत आहे." मामांनी पोह्यांकडं लक्ष वळवलं.

लग्न मार्गशीर्षात झालं. पाठवणीला सगळं गाव बंदरावर आलं. बायका रडत होत्या, आणि मास्तर तरीवाल्याशी वाद घालत होते की चढायची फळी एका अंगाला कलली आहे. तरीवाल्यानं फळी सारखी केली. वेणू चढली. होडी निघाली. मास्तर फळीकडंच बघत राहिले.

त्यानंतर बरेच दिवस मी कामात होतो. सभा होत्या, हवालदार होते. मग एका संध्याकाळी ओहोटीला किनाऱ्यावरून येत होतो, तेव्हा मास्तर पुढं एकटेच चालताना दिसले. समुद्र त्यांच्या डाव्या हाताला होता. मी हाक मारणार होतो, पण त्यांच्या चालीत काहीतरी वेगळं होतं. माणसाकडं असं बघायची सवय त्यांनीच मला लावलेली. डावं कोपर वाकवलेलं, अंगापासून थोडं दूर, हात पोटाशी आडवा. जणू त्यावर कोणी हात ठेवलाय. पाऊल टाकलं की ते क्षणभर थांबत, मग दुसरं टाकत.

मग मला आठवलं. लहानपणापासून रोज ओहोटीला दोघं इथंच चालायची. वेणूला घट्ट, ओली वाळू मिळावी म्हणून ती पाण्याच्या बाजूला, बापाच्या हातावर हात ठेवून. मास्तर वरच्या अंगाला, भुसभुशीत वाळूत.

आताही ते त्या भुसभुशीत वाळूतच चालत होते. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. त्यांच्या डाव्या बाजूला ओल्या वाळूचा पट्टा लांबवर मोकळा पडला होता.

मी त्यांना गाठलं. "मास्तर, खालून चाला की. पाय रुततायत."

त्यांनी त्या मोकळ्या पट्ट्याकडं बघितलं. "हो की," म्हणाले.

आणि तसेच वरून चालत राहिले.