माफी मागायचं तोंड

खेळताना दात वाचवणारं प्लास्टिकचं माउथगार्ड उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट धरायचं, जरा निवू द्यायचं आणि मग खेळणाऱ्याने ते वरच्या दातांवर बसवून हलकेच चावायचं. म्हणजे त्याला दातांचा आकार येतो. हे सगळं डबीवर लिहिलेलं होतं. पण पातेल्यात पाणी उकळत असताना काहीही वाचणं हा गस पाल्मीएरीला आपल्या आईचा अपमान वाटे. त्याने पास्त्याला टाकतात तसं पाण्यात मूठभर मीठ टाकलं, त्यावर माउथगार्ड सोडलं आणि लाकडी चमच्याने ढवळत उभा राहिला.

"मीठ कशाला?" त्याच्या बायकोने, लोरेटाने विचारलं.

"चवीला."

"अरे, ते डेलियाने तोंडात धरायचंय. गिळायचं नाहीये."

"धरायचं असलं तरी चव नको का?"

डेलिया म्हणजे त्यांची मुलगी, हार्लन मिल्स हायस्कूलच्या मुलींच्या लॅक्रॉस संघाची, म्हणजे काठीच्या जाळीत चेंडू झेलत-फेकत खेळायच्या खेळाची, गोलकीपर. शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटचा मोसम. "माझं गार्ड मी बघते, तू हात लावू नकोस," असं ती बजावून गेली होती. पण गेल्या तीन मोसमांत गसने संघाला आवाजाखेरीज काहीच दिलं नव्हतं, आणि यंदा काहीतरी उपयोगी काम करायचं असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

त्या आवाजाबद्दल सांगायला हवं. गस घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो. तळघरात उभं राहून दुसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे हळू बोलायचं यंत्र त्याच्यात उरलेलंच नाही. मैदानाच्या कुंपणाशी उभा राहून तो अख्खा सामना चालवत असे. "डावीकडे! अगं डावीकडे! जेवतेस त्या हाताला नाही, दुसऱ्या!" बचावातल्या पोरी निमूटपणे डावीकडे सरकत. वास्तविक हे ओरडायचं काम गोलकीपरचं. गोलच्या जाळीपुढे उभं राहून तिनेच पुढच्यांना हलवायचं. पण डेलिया चकार शब्द काढत नसे. एका घराला तेवढा आवाज पुरे, असं तिचं मत होतं.

गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात पंच ओस्ट्रँडर यांनी एक गोल दिला. चेंडू रेषेच्या आत गेला की नाही यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. गसचा पक्ष तेव्हा गावभर ऐकू गेला: "अहो साहेब! एक डोळा विका आणि दुसऱ्याला चष्मा करा!"

ओस्ट्रँडरसाहेबांना चष्मा आधीच होता, म्हणून ते जास्त लागलं. त्यांनी सामना थांबवून गसला बाहेर काढलं. उरलेला सामना गसने गाडीतळावरून, आपल्या ट्रकमध्ये बसून पाहिला आणि हॉर्न वाजवून मत देत राहिला.

तेव्हा कोच डनलेव्हीबाईंनी फर्मान काढलं. मोसमाआधीच्या पालकसभेत पाल्मीएरींनी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. नाही मागितली, तर सबंध मोसम मैदानात पाऊल टाकायचं नाही. ती सभा आज संध्याकाळी होती. माफीचं भाषण गसने आठवडाभर भट्ट्यांना म्हणून दाखवलं होतं.

"शिजलं का रे?" लोरेटाने दुसऱ्या खोलीतून विचारलं.

पाल्मीएरींच्या घरात शिजलं की नाही हे बघायची एकच रीत आहे. गसने चमच्याने माउथगार्ड उचललं, दोनदा फुंकर मारली आणि चावून पाहिलं.

शिजलं होतं. जरा जास्तच. गसचे वरचे दात, खालचे दात आणि गेल्याच महिन्यात बसवलेला खोट्या दातांचा नवा ब्रिज असं सगळं त्या लगद्यात खोलवर रुतलं. तोंड भाजलं म्हणून तो धावत नळाकडे गेला आणि करू नये नेमकं तेच त्याने केलं. गार पाण्याची धार तोंडावर सोडली. प्लास्टिक गोठलं.

"म्म्फ," गस म्हणाला.

"काय?"

"म्म्म्फ!"

लोरेटाने लोणी लावून पाहिलं. बटरनाइफ घालू लागली तेव्हा गसने ब्रिजकडे बोट दाखवून डोळ्यांत पाणी आणलं. नळीने गरम चहा देऊन पाहिला, त्याने ओठ तेवढे भाजले. एवढ्यात डेलिया आली आणि दारातच थबकली.

"घर एवढं शांत का? कुणी गेलं का?"

"तुझं माउथगार्ड गेलं," लोरेटा म्हणाली. "बाबाच्या तोंडात."

दाताच्या डॉक्टरांना, म्हणजे फीनींना फोन लावला. यंत्रावर त्यांचाच आवाज लागला: मुलीच्या शाळेत लॅक्रॉसची पालकसभा असल्यामुळे दवाखाना आज लवकर बंद झाला आहे. म्हणजे तोंड उघडायला आणि माफी मागायला, दोन्हीसाठी जायचं एकाच ठिकाणी होतं. फक्त आधी कुठलं होणार, हा प्रश्न होता.

गाडीत डेलिया मागे बसली होती.  

"बाबा," ती म्हणाली, "तू येऊ नयेस असं मला कधीच वाटलं नाही हं. फक्त आवाज घरी ठेवून ये, एवढंच वाटायचं. पण आज बोलला नाहीस तर बाई तुला एकही सामना बघू देणार नाहीत. आणि यानंतर मोसमच नाही माझा."

गसने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "म्म्," तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते दोघींना कळलं.

शाळेच्या जेवणाच्या सभागृहात पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पोहोचायला उशीर झाल्यामुळे सभा सुरू झाली होती आणि डनलेव्हीबाईंची शिट्टी गळ्यात असली तरी ओठांपासून फार लांब नव्हती.

"मार्च आहे, मैदानावर बर्फ आहे, आणि तो आपोआप जात नाही," बाई सांगत होत्या. "फावडी कोण आणणार ते मी विचारत नाहीये, किती आणणार ते सांगा. काठ्यांच्या जाळ्या सामन्याच्या सकाळी नाही, आदल्या आठवड्यात विणून घ्यायच्या. आणि माझ्या मुलीला का खेळवलं नाही, हे विचारायला सामन्यानंतर एक दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी उत्तर तेच मिळेल, पण तुमचा आवाज बरा असेल. कळलं? आता पाल्मीएरी, या पुढे."

गस पुढे गेला. पहिल्या बाकावर ओस्ट्रँडरसाहेब चष्मा पुसत बसले होते. गसने छातीवर हात ठेवला.

"म्म्म् म्म्फ म्म् म्म्म्फ."

"हे काय नवीन नाटक?" बाई म्हणाल्या.

लोरेटाने सगळं सांगितलं. पास्त्याच्या उल्लेखाशी मागे कुणीतरी खोकला काढला. डॉक्टर फीनी उठले, फोनचा उजेड गसच्या तोंडावर पाडून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "काही विशेष नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात गरम पाणी मिळालं तर पाच मिनिटांत सोडवतो."

पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरून एका आईने हळूच विचारलं, "डॉक्टर, तशी घाई आहे का?"

डॉक्टर फीनी तीन मोसम गसच्या उजव्या हाताला उभे राहिले होते. त्यांनी डाव्या कानात बोट घालून जरा विचार केला. "नाही," ते म्हणाले, "घाई अशी नाही."

गसने हवेत बोटं फिरवून पेन मागितलं.

"लिहून नाही चालणार," बाई म्हणाल्या. "ज्या तोंडाने ओरडलात त्याच तोंडाने माफी. आज. शनिवारी पहिला सामना आहे."

डेलिया उठून बापाशेजारी उभी राहिली. "बाई, तोंड त्याचंच. मी फक्त भाषांतर करते. मला कळतं तो काय म्हणतो ते."

बाईंनी खांदे उडवले. "करा."

"म्म्म् म्म् म्म्फ," गस ओस्ट्रँडरसाहेबांकडे पाहून म्हणाला.

"बाबा म्हणतोय, ओस्ट्रँडर काका, मनापासून माफी मागतो."

गसने जोरात मान हलवली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आठवडाभर पाठ केलेल्या भाषणाला एक शेपूट होतं. त्याने हाताने हवेत एक रेषा आखली, दुसऱ्या हाताचा चेंडू केला आणि तो रेषेच्या अलीकडेच थांबवला. "म्म् म्म्म्फ म्म्!"

"म्हणतोय, तो गोलच होता. रेषेच्या आत होता."

"म्म्म्म्!" गसने मान आडवी हलवली.

"'चांगला वीतभर आत होता' म्हणतोय."

ओस्ट्रँडरसाहेबांनी चष्मा चढवला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले. सभेला आता रंग चढला होता, आणि डेलियालाही.

"शिवाय म्हणतोय, मैदानावरचा बर्फ काढायला रोज पहाटे मीच येईन. ट्रकला बर्फ ढकलायचं पातं आहेच."

टाळ्या पडल्या. फावड्यांच्या काळजीत बसलेले तीन बाप उभे राहून वाजवत होते. गस "म्म्फ! म्म्फ!" करत लेकीच्या बाहीला ओढत होता.

"मध्यंतराची संत्रीही सोलून आणीन म्हणतोय. स्वतः."

"आणि पास्ता?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पास्ता नको!" दुसऱ्याने घाईघाईने सांगितलं.

हशा ओसरल्यावर डेलिया क्षणभर थांबली. मग जमिनीकडे बघत, जरा हळू आवाजात म्हणाली, "आणि म्हणतोय की या मोसमात कुंपणापाशी उभा राहीन, पण एक शब्द काढणार नाही. एकही."

गस ओढायचा थांबला. त्याने लेकीकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

"म्म्," तो म्हणाला आणि मान खाली घातली. याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

डॉक्टर फीनींनी शाळेच्या मोरीवर गरम फडक्याने शेकून माउथगार्ड सोडवलं. ब्रिज शाबूत होता. मोकळ्या झालेल्या तोंडातून पहिलं वाक्य आलं ते असं: "गोल नव्हता तो."

"मलाही नव्हताच वाटला," फीनी म्हणाले. "पण आता तुम्ही कबूल केलंय."

शनिवारी मैदान स्वच्छ होतं आणि कडेने गसने ढकललेल्या बर्फाचे ढीग लागले होते. सोललेल्या संत्र्यांचं घमेलं लोरेटाच्या मांडीवर होतं. गस कुंपणाशी उभा होता आणि त्याच्या तोंडात तेच निळं माउथगार्ड होतं, या खेपेला राजीखुशीने घातलेलं. त्याच्या दातांना तर ते नेमकं बसलेलं होतंच.

सामना सुरू झाला आणि काहीतरी चुकल्यासारखं सगळ्यांना वाटू लागलं. बचावातल्या पोरी चेंडू आला की कुंपणाकडे बघत. तीन वर्षं त्यांना डावं-उजवं तिकडूनच कळत आलं होतं. कुंपणाकडून काही येईना. एक गोल झाला, पाठोपाठ दुसरा. गसच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, पण तोंडातून वाफेशिवाय काही निघालं नाही.

"डावीकडे!" एकदम आवाज कडाडला. "अगं डावीकडे! जेवतेस त्या हाताला नाही, दुसऱ्या!"

सगळे पालक गसकडे वळले. गसने दोन्ही हात वर करून दाखवले. आवाज गोलच्या जाळीतून आला होता.

तिथून पुढे तो थांबलाच नाही. पोरी हलू लागल्या, सामना बरोबरीत आला. डनलेव्हीबाई तीन वर्षं जे शिकवून थकल्या होत्या ते एका दुपारी फुकटात झालेलं बघत बसल्या. आणि शेवटच्या घटकेला समोरच्या पोरीने गोलच्या वर्तुळावर सरळ पाय देऊन चेंडू आत घातला. असा गोल धरत नाहीत. ओस्ट्रँडरसाहेबांनी धरला.

"अहो साहेब! एक डोळा विका आणि दुसऱ्याला चष्मा करा!"

ओस्ट्रँडरसाहेबांनी शिट्टी फुंकली, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि सवयीने तडक कुंपणाकडे निघाले. गसने त्यांना जवळ येऊ दिलं. मग आ केला. वरचे सगळे दात निळे, गच्च बंदोबस्तात. साहेबांनी आत डोकावून पाहिलं, मग लोरेटाकडे पाहिलं. लोरेटाने संत्र्याची फोड हातात धरूनच जाळीकडे बोट केलं.

कार्ड डेलियाला मिळालं. सामना एका गोलने गेला.

खेळ संपल्यावर बाईंनी पालकांना आणि पोरींना तिथेच, बर्फाच्या ढिगाशी गोळा केलं. "नियम सगळ्यांना एक. डेलिया, साहेबांची माफी. आत्ता. स्वतःच्या तोंडाने."

डेलिया पुढे आली. हेल्मेट काढलं, माउथगार्ड काढलं, तोंड उघडलं.

"ख्ख्," ती म्हणाली.

आवाज पार बसला होता. एका दुपारची मेहनत, आणि घशाला सवय नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. "ख्ख् ख्ख."

गसने तोंडातलं माउथगार्ड काढलं, शांतपणे कोटाच्या बाहीला पुसलं आणि खिशात ठेवलं. मग तो लेकीशेजारी येऊन उभा राहिला. डेलियाचे डोळे मोठे झाले.

"तोंड तिचंच, बाई," तो म्हणाला. दुपारभर न वापरल्यामुळे त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू आला. "मी फक्त भाषांतर करतो. मला कळतं ती काय म्हणते ते."

बाईंनी डोळे मिटले. "करा."

"ख्ख ख्ख्," डेलियाने ओस्ट्रँडरसाहेबांपुढे हात जोडले आणि घाईने मान हलवली.

"म्हणतेय, माफ करा, साहेब. मनापासून."

"ख्ख्!" डेलियाने बापाची बाही धरून ओढली.

"आणि म्हणतेय," गस म्हणाला, "मागच्या वर्षीचा तोही गोल नव्हता."