दहापैकी चार

एका जंगलात वीज नव्हती, पण स्पीकर मात्र होते. आता ते चालायचे कसे, हे विचारायचं नाही मुलांनो, गोष्ट ऐकायची.

तिथे अवधूत नावाचा एक साळिंदर राहायचा. त्याच्या बिळात रॉक आणि मेटलच्या चारशे बारा रेकॉर्डी होत्या. बिळात जागा उरली नव्हती, म्हणून त्याची बायको कुमुद बिळाच्या तोंडाशी झोपायची.

तरुणपणी अवधूत आणि मुरार रानडुक्कर एकत्र गाणी ऐकत. गाणं लागलं की दोघं सागाच्या झाडावर डोकी आपटत. मार्कबिर्क कोणी देत नसे. त्या झाडाला अजून साल आलेली नाही.

मग एक दिवस अवधूतला जाण आली. त्याने वटवाघळांच्या बँडच्या ‘काळोखाचा जबडा’ या अल्बमला दहापैकी दहा मार्क दिले. मुरार म्हणाला, चार. त्यातला सुतारपक्षी अकरा मिनिटं एकटाच ड्रम बडवतो, तो बहुधा झोपेत वाजवत असावा. झालं! दोघांचं जे बोलणं बंद झालं, ते बारा वर्षं. एक पाणवठ्यावर असला की दुसरा तहानलेला परत जायचा.

अवधूतला मुरारची फार आठवण यायची. एकट्याने डोकं आपटलं की नुसतंच दुखतं हो. कुमुदला सोबतीला बोलावलं, तर ती कानात चिखल घालून बसायची.

यंदा त्याने सगळे अल्बम पुन्हा ऐकून नव्याने मार्क द्यायला घेतले. दोनशे तेराव्या दिवशी ‘काळोखाचा जबडा’ची पाळी आली. पाचव्या मिनिटाला त्याला जांभई आली. आठव्या मिनिटाला तो चक्क घोरू लागला. जागा झाला तरी सुतारपक्षी आपला बडवतोच आहे.

मुरारचंच खरं होतं! अवधूतला रडू आलं, पण आनंदही झाला. भांडणच मिटलं की. आत्ता जातो आणि माफी मागतो, असं कुमुदला सांगून तो निघाला, तर दारात मुरार उभा.

मुरारचे डोळे भरून आले होते. “अवधूत, मी हट्टी. काल तो अल्बम पुन्हा ऐकला. तुझंच बरोबर होतं रे. दहापैकी दहा.”

आता नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, मुलांनो. कुमुद मागून डोळ्यांनी खुणावत होती. अवधूतने तोंड उघडलं.

“दहा? त्या सुतारपक्ष्याला? चार.”

“अरे, तूच दिले होतेस ना दहा?”

“तेव्हा मी अडाणी होतो.”

“म्हणजे आज मी अडाणी?”

मुरार आल्या पावली परत गेला. कुमुदने कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणाली, तो माफी मागायला आला होता, तुम्हीही त्याचसाठी निघाला होतात, मग बिघडलं कुठे? अवधूत म्हणाला की मैत्री आपल्या जागी, पण मार्क म्हणजे मार्क.

मग खात्री करून घ्यायला त्याने तो अल्बम पुन्हा एकदा ऐकला. एकट्याने, शेवटपर्यंत.

आणि साडेतीन दिले.

तात्पर्य: मित्राबरोबर गाणं ऐकलं की मार्क द्यायचं राहून जातं. म्हणून मुलांनो, ज्याला संगीताची खरी जाण हवी असेल, त्याने मित्र ठेवू नयेत.