तीन यंत्रांची उत्तरपूजा

सीडी लावायच्या जपानी यंत्राचा ट्रे बाहेर यायला अडीच सेकंद लागत आणि आत जायला तीन. हा अर्ध्या सेकंदाचा फरक सुनंदाने स्टॉपवॉच लावून चार वेळा तपासला होता. बाहेर येताना ट्रे सरळ येई; आत जाताना मात्र शेवटच्या बोटभर अंतरावर तो थबकत असे, जावं की न जावं याचा विचार केल्यासारखा, आणि मग नाइलाजाने पुढे सरके. तिला त्यावरून नवऱ्याची आठवण होई, पण ही नोंद तिने वहीत केली नाही.

नवरा म्हणजे शरदचंद्र, अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी. त्याच गावात दुसऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सुनंदा मोजमापाची उपकरणं तपासून त्यांच्यावर शिक्का मारायची. लग्नाआधी, एम. एस्सी. करताना, तिने स्वतःच्या हाताने एक अॅम्प्लिफायर जोडला होता. तो माहेराहून तिच्याबरोबर बदलापुरात, मांजर्लीच्या घरी आला आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकाआधी चाळीस मिनिटं वाजू लागला. दोन वर्षांपूर्वी कॅसेट डेकने फीत खायला सुरुवात केली. डेक गेला आणि अॅम्प्लिफायर मुका झाला. तेव्हा सुनंदा म्हणाली होती की आता सीडी लावायचं साधं यंत्र घेऊ. आवाज करायला अॅम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत, फक्त तबकडी वाचणारं काहीतरी हवं.

इतकं सोपं काम शरदचंद्राने आपल्या हाती घेतलं, तिथेच ते अवघड झालं. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याने आयुष्यात काही खरेदी केलं नव्हतं. घरात फ्रीज आला तो तीन कोटेशनांनी, आणि सुनंदा आली ती तिसऱ्या स्थळातून. त्याने एक फाइल उघडली, तुलनेचा तक्ता आखला, रकाने पाडले. तक्ता भरेपर्यंत भाव बदलायचे, मग नवा तक्ता. पुराचं पाणी एकदा पार पहिल्या मजल्यावरच्या या घरात येऊन गेल्यापासून महत्त्वाचं सामान माळ्यावर ठेवायची पद्धत होती. फाइलही माळ्यावर असे, त्यामुळे प्रत्येक रकान्यासाठी शिडी लागे.

शेवटी उल्हासनगरचा किशिनचंद मदतीला आला. त्याच्या वडिलांचा कापडाचा धंदा होता. मुलाने दुकानात टेपरेकॉर्डर मांडले तरी रीत साड्यांचीच ठेवली: माल पसंतीवर घरी न्या, बायामाणसांना दाखवा, आवडेल तो ठेवा, बाकीचा परत करा. त्याने तीन यंत्रं दिली, दसऱ्याच्या दुपारपर्यंत.

पहिलं जपानी, काळं, जड, महाग. दुसरं दिवे नाचवणारं, रिमोटवालं. तिसरं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचा सीडी ड्राइव्ह, ज्याला किशिनचंदच्या कारागिराने वीज पुरवणारा भाग जोडून पत्र्याच्या डब्यात बंद केलं होतं. समोर दोन बटणं, हेडफोनचं एक भोक. त्या भोकातून वायर अॅम्प्लिफायरला गेली की काम झालं. किंमत जपान्याच्या पाव.

सुनंदाचा निर्णय दुकानातच झाला होता. पण तो तिला कोणी विचारला नाही, आणि न विचारता सांगायची घरात सोय नव्हती, कारण शरदचंद्र दिसेल त्याचं मत घेत सुटला होता. तळमजल्यावरचे गुरुदत्त काका हे सोसायटीतले संगीताचे जाणकार. त्यांच्याकडे एक सीडी होती, मस्कतहून आलेली, सतारीची. ती वाजवायला यंत्र नव्हतं, पण मत होतं. ते म्हणाले, जपानीच. डब्याकडे पाहून त्यांनी विचारलं की यात लाडू ठेवायचे का.

दसऱ्याच्या सकाळी सुनंदाने तिन्ही यंत्रं सुरू करून ठेवली. मोजणीआधी उपकरण तासभर तापू द्यावं, ही प्रयोगशाळेची शिस्त. मग ती अंघोळीला गेली. शरदचंद्र झेंडू आणायला गेला होता. सासूबाई, म्हणजे माई, पूजेचं तबक घेऊन घरभर फिरत होत्या. विळी झाली, मिक्सर झाला, शिलाई मशीन झालं. मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

पुढचं सगळं माईंनीच नंतर सांगितलं, आणि फार समाधानाने सांगितलं. मोठं यंत्र घरचं वडीलधारं, म्हणून आधी त्याला कुंकू लावायला गेल्या. बोट टेकताच यंत्राने हात पुढे केला. माईंना भरून आलं. आजवर इतक्या वस्तू पुजल्या, पण एकीनेही असं मागून घेतलं नव्हतं. त्यांनी त्या हातावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता आणि एक सुपारी ठेवली. पुन्हा बोट लावलं, तर ते सगळं आत घेतलं.

"जरा थांबलं मध्ये," माई म्हणाल्या. "पण घेतलं हो."

दुसऱ्या यंत्राला कपाळावर एक छोटा काळा चकाकता चौकोन होता. कुंकवासाठीच जागा सोडलेली दिसत होती, म्हणून माईंनी तिथे ठसठशीत बोट टेकवलं. तेव्हापासून रिमोट कितीही दाबला तरी ते यंत्र ऐकेना. त्याचा डोळा तोच होता. पत्र्याच्या डब्याला कपाळ सापडलं नाही. ते लहान आहे म्हणून त्याला नुसतं एक बोट आणि एक फूल मिळालं. शरदचंद्र आल्यावर तिघांना झेंडूच्या माळा घातल्या, इतक्या जाड की कोणाचंच तोंड दिसेना.

सुनंदाने जपानी यंत्र उचलून किंचित तिरकं केलं. आतून तांदूळ पाखडल्यासारखा आवाज आला. तिने ते शांतपणे खाली ठेवलं, वायर काढली आणि पेचकस शोधायला लागली. तेवढ्यात गुरुदत्त काका आपट्याची पानं आणि मस्कतची सीडी घेऊन हजर झाले. आज जपान्यावर सतार ऐकायचीच, म्हणाले. शरदचंद्र त्यांना खुर्ची देऊन फाइल घेऊन बसला, मत जसंच्या तसं टिपायला.

सुनंदाने सीडी हातात घेतली. चालण्याजोगं यंत्र एकच उरलं होतं. तिने माळेखाली हात घालून तबकडी डब्यात सरकवली, अॅम्प्लिफायरची कळ फिरवली आणि बाजूला उभी राहिली. दोन वर्षांनी त्या स्पीकरमधून सूर आला. तार छेडल्यावर ती हवेत किती वेळ राहते, तेही ऐकू येत होतं. सुनंदाने स्टॉपवॉच खिशातच ठेवलं.

काकांनी डोळे मिटले. "याला म्हणतात जपानी," ते म्हणाले. "सूनबाई, गोडवा बघा. त्या डब्यात हे येणार आहे का?"

"लिहिलंत का हो?" सुनंदाने नवऱ्याला विचारलं.

"गोडवा," शरदचंद्र लिहीत म्हणाला. "रकाना पहिला."

"तिसऱ्यात लिहा. डबाच वाजतोय." आणि तिने माळ उचलून दाखवली.

काकांनी डोळे उघडले, डब्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. आज विजेचा दाब चांगला आहे, त्यामुळे कशातूनही बरं ऐकू येतं, असं त्यांचं सुधारित मत पडलं. मग जपानी तर याहून किती चांगलं वाजेल, तेच लावा. जपानी यंत्राच्या पोटात अक्षता आहेत, हे सुनंदाने तेव्हा सांगितलं. शरदचंद्राच्या हातून पेन पडलं.

तिने सहा स्क्रू काढले, चिमट्याने एकेक दाणा उचलून वाटीत टाकला. अक्षता एकूण सत्तेचाळीस, सुपारी एक. ब्रशने कुंकू झाडलं, स्क्रू बसवले, सीडी लावून पाहिली. वाजलं, तशी सीडी पुन्हा डब्यात गेली. दुसऱ्याचा डोळा ओल्या बोळ्याने पुसला, रिमोट चालला. तिघंही धड होती. तिला वाटलं, अपघात संपला.

तेव्हा किशिनचंद आला. दसरा म्हणजे त्याच्या धंद्याचा मोठा दिवस, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पण दारातून आत आल्याबरोबर त्याने माळा पाहिल्या, कुंकवाची बोटं पाहिली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"मॅडम, ये तो पूजा हो गया," तो म्हणाला. "आता मी कसा घेऊ? तुमच्या घरची लक्ष्मी उचलून दुकानात ठेवू? दुसऱ्याला विकू? नको साई, बरकत जाईल. तुमची पण, माझी पण."

सुनंदाने आतून-बाहेरून स्वच्छ केल्याचं सांगितलं, दाण्यांचा आकडासुद्धा सांगितला. तो म्हणाला की तांदूळ निघतो, पूजा निघत नाही. तिन्ही ठेवा, पैसे सावकाश द्या. शरदचंद्राने तिन्ही किमतींची बेरीज केली. मग त्याला एकदम सुचलं की एवढा घोळ झाल्यावर आधीची सगळी प्रक्रियाच रद्द धरली पाहिजे. पुढच्या एप्रिलपासून नव्याने तीन कोटेशनं मागवू. त्याने फाइलवर आडवी रेघ मारायला घेतली. सुनंदाने मुक्या अॅम्प्लिफायरचं तिसरं वर्ष समोर उभं राहिलेलं पाहिलं.

"उत्तरपूजा करू," माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गणपती जातो ना? मग ही का नाही जाणार?"

किशिनचंदने विचार केला आणि ते त्याला पटलं. रीतसर निरोप दिला तर माल पुन्हा माल होतो. माई अक्षतांची वाटी घेऊन आल्या, तीच, सत्तेचाळीस दाण्यांची, आणि शरदचंद्राला पाटावर बसवलं. आता यजमानाने मोठ्याने म्हणायचं, कोण राहणार आणि कोण जाणार.

"मोठ्याने कशाला?" शरदचंद्राने विचारलं.

"देवाला मनातलं कळतं रे. किशिनचंदना कळत नाही."

शरदचंद्राने अक्षता हातात घेतल्या. जपान्याकडे पाहिलं. दिव्यांकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं, तर काका म्हणाले, जपानी, पण माझ्यावर टाकू नका. तो तक्त्यातला एक आकडा पुन्हा बघायला हवा म्हणाला. किशिनचंदने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घामाने अक्षता हाताला चिकटल्या.

माईंनी वाटी खाली ठेवली. "शरद, हे यंत्र चालवणार कोण?"

"सुनंदा."

"बिघडलं तर उघडणार कोण?"

"सुनंदाच."

"मग तू ऊठ. सकाळी माझंच चुकलं. ज्याचं हत्यार त्याने पुजायचं असतं, मी घाई केली. सुनंदा, बस."

काका म्हणाले की यजमान पुरुष असावा लागतो. सुनंदा पाटावर बसता बसता म्हणाली, "काका, तुमची सीडी डब्यातच आहे. परत हवी असेल तर जरा शांत बसा." काका बसले. शरदचंद्र म्हणाला, निदान तक्ता तरी एकदा वाच. तिने हात पुढे केला, त्याने फाइल दिली, आणि तिने ती पाटाखाली सरकवली. पाट एका बाजूने डुगडुगत होता.

मग तिने अक्षता घेतल्या. दुकानात पहिल्या दिवशी जे ठरलं होतं ते बोलायला तिला एवढाही वेळ लागला नाही.

"मी सुनंदा," ती मोठ्याने म्हणाली, खिडकीतून खालच्या मजल्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "जपानी जाईल, दिवेवालं जाईल. पत्र्याचा डबा राहील."