गावोगावचा पाव्हणा

किसन कोणाला नाव विचारायचा नाही. आधी मामाचं गाव विचारायचा.

न्हावी असो, टांगेवाला असो, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चाललेली माळीण असो, हा रस्त्यात आडवा व्हायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "मामाकूळ कोण्या गावचं तुमचं?" समोरच्यानं गाव सांगितलं की आभाळाकडं बघत ओठातल्या ओठात पुटपुटायचा. चुलती, साडू, भावजय, व्याही, असं काहीबाही चालायचं. मग मांडीवर थाप मारून ओरडायचा, "धागा लागला!" म्हणजे समोरचा माणूस आता त्याचा सोयरा झाला. सुटका नाही. आम्ही बोर्डिंगातली पोरं त्याला पाव्हणाच म्हणायचो.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. डोक्याला फेटा, हातात काठी. त्यांनी नेमकं किसनला उभं केलं आणि वऱ्हाडातल्या नद्या विचारल्या. किसनला एक नदी येईना. त्यानं साहेबाकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मामाकूळ कोण्या गावचं तुमचं?" मास्तरांचं तोंड चुन्यासारखं झालं. साहेब गडबडले आणि गडबडीत खरं बोलून बसले. "मेहकर."

"धागा लागला! मेहकराला तुमच्या मामांचं शेत जो बटईनं करतो ना साहेब, तो आमच्या चुलतीचा मामेभाऊ."

साहेबांनी काठी टेबलावर ठेवली. मामाच्या शेतातला आंबा अजून आहे का, विचारलं. किसन म्हणाला, आहे, पण वरून वाळून राहिला. साहेब जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. नद्या राहिल्या त्या राहिल्याच. किसन पास.

मी मात्र चौथी नापास. हे मी कोणापासून लपवत नाही. आमच्या बाळापुरात बसून कोणीही नापास होईल, मी परमुलखात जाऊन झालो. तेव्हा आमच्या हिंगोलीकडं निजामाचं राज्य होतं आणि शाळेत सगळं उर्दूत चालायचं. बापाला वाटलं, पोरानं मराठी शिकावं. म्हणून मला नाक्यापलीकडं, इंग्रजांच्या मुलखात वाशीमला धाडलं. नाका ओलांडला की राजा वेगळा, नाणं वेगळं, पोस्टाचं तिकीट वेगळं. मग परदेश आणखी कशाला म्हणतात? कोणी हसलं तरी मी शब्द मागं घेणार नाही.

बोर्डिंगात निजामाकडची आम्ही चौघं एका खोलीत. मी, किसन, हिंगोलीच्या कारकुनाचा मधू आणि गोविंदा. मधू सोवळ्यातला, शुद्ध बोलायचा. गोविंदाला भूक सोडून दुसरं काही कळायचं नाही. किसन कळमनुरीकडचा, चुलत्याच्या घरचा. त्याच्या मायबापाचं आम्ही कधी विचारलं नाही. जगातल्या सगळ्यांचे आईबाप त्याच्या तोंडात असायचे, त्यामुळं त्याचे स्वतःचे त्यात नाहीत हे ध्यानातच आलं नाही.

त्या थंडीत वरच्या वर्गातली पोरं मोटारीत बसून सहलीला गेली. आमच्याजवळ मोटार बघायला पैसे नव्हते, बसायला कुठले? आम्ही तोंड पाडून बसलो. किसन म्हणाला, "काहून रडून राहिले? आपुन बी जाऊ. शनिवारी निघू, ऐतवारी परत."

"खर्च?" मधू म्हणाला.

"पाय आपले, भाकर सोयऱ्याची. खर्च कशाचा?"

"आणि जायचं कुठं?"

"नाक्याच्या पलीकडं एक वाडी हाय."

मधू म्हणाला, "अरे, लोक परमुलखात सहलीला जातात. आपण परमुलखातून आपल्याच मुलखात जायचं?" मला पटलं ते. पण किसन त्या दिवशी ऐकेना. वाडीच पाहिजे, दुसरं गाव नको. म्हटलं, असेल तिथं कोणी साडूचा साडू.

शनिवारी उजाडताच निघालो. पहिल्याच गावात किसननं धागा लावला. ओसरीवर बसलेला एक मिशाळ गडी त्याच्या चुलत्याच्या साडूचा भाऊ निघाला. गोविंदाची लाळ गळायला लागली. गडी खुश झाला, आम्हाला मिठ्या मारल्या आणि म्हणाला, "लई बेस झालं, आलात भाच्यांनो! माणसंच न्हाई मिळून राहिले." आणि आमच्या कमरेला ओट्या बांधून सरळ कापसाच्या शेतात उभं केलं. दुपार होईपर्यंत आम्ही कापूस वेचला. परमुलखात शिकायला गेलेली पोरं, आणि बोटं बोंडांनी सोलून निघाली. भाकर मिळाली, नाही म्हणत नाही. पण ती भाकर आम्ही खाल्ली नाही, कमावली.

"हे कसलं सोयरं तुझं?" मी किसनवर खवळलो.

"सोयऱ्याचं काम म्हंजे घरचं काम. परक्याला कोणी सांगतं का वेच म्हणून?" तो म्हणाला आणि शीळ घालत पुढं चालला. वाटेत त्याचा पाय आमच्याहून हलका पडत होता.

नाक्यावर खाकी कपड्यातला दाढीवाला शिपाई होता. निजामाचा नाका म्हणजे गाठोडं सोडल्याशिवाय मुंगी आत जात नसे. तो खेकसला, "ए पोट्टे लोगां, किधर?"

किसननं रामराम घातला. "खाँसाब, तुमी कोण्या गावचे?"

"औंढा. क्यों?"

"धागा लागला! माझी चुलती औंढ्याची. तिच्या गावचे म्हंजे तिचे भाऊ, म्हंजे आमचे मामा!"

खाँसाहेबांनी दाढी कुरवाळली. मग हसले. "अच्छा, मामू! तो भांजे, मामू को गठडी खोलके बताव."

गाठोड्यात मधूच्या आईनं धाडलेल्या दशम्या, दुसरं काही नाही. खाँसाहेबांनी ते परत बांधलं, स्वतःच्या खिशातले फुटाणे आमच्या ओंजळीत घातले आणि सहज विचारलं, "किसके घर जाना भांजे?"

आणि किसन थांबला. ज्याला गावोगावचे साडू तोंडपाठ, तो ओंजळीतले फुटाणे मोजायला लागला. नाकाचा शेंडा लाल झाला. खाली बघत म्हणाला, "मायकडं."

आम्ही तिघं फुटाणे चावायचं विसरलो.

नाका मागं पडल्यावर त्यानं सांगितलं. बाप पटकीनं गेला तेव्हा किसन लहान होता. मग मायचा पाट लावला. आमच्याकडं विधवेला दुसऱ्या घरी देतात, त्याला पाट म्हणतात. पाटात पहिल्या घरचं लेकरू बापाच्या भावकीकडं राहतं. मायनं मागं वळून बघायचं नाही आणि लेकरानं नव्या घरचा उंबरा चढायचा नाही. मायच्या नव्या घरच्या सासूनं तर हे चार माणसांत बोलून घेतलं होतं. चुलत्याला घरातलं एक ताट कमी पाहिजे होतं, म्हणून किसन फुकटच्या बोर्डिंगात आला. पाट लागल्यापासून त्यानं मायला पाहिलं नव्हतं.

"एकला गेलो तर म्हातारी इचारल, कोण रं तू? माझ्यापायी मायला बोल लागल, तिचं तिथलं जिणं कठीण होईल. चौघं गेलो तर सहल." तो म्हणाला. "मला काही बोलायचं न्हाई. पाणी मागायचं, बघायचं, निघायचं. तुमी फकस्त माझ्या गावाचं नाव काढू नका."

मधू म्हणाला, "नाही काढणार." मी म्हणालो, "बोलणं माझ्यावर सोड." आखाडा बाळापूरच्या बाजारात वाढलेला माणूस मी. मला बोलण्यात कोण हरवतं?

वाडीत ते घर सापडलं. ओट्यावर म्हातारी सुपात तूर निवडत बसली होती. अंगण सारवलेलं, मधोमध गाय उन्हात रवंथ करत उभी. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. किसन खांबाच्या आड जाऊन उभा राहिला.

"कुठली रं पोरं?" म्हातारीनं सुपातून मान वर न करता विचारलं.

"वाशीमच्या बोर्डिंगातली. सहलीला आलोत आजी. पाणी पाहिजे."

"सहल म्हंजे?"

मधू म्हणाला, "आजी, सहल म्हणजे काही काम नसताना हिंडायचं."

"काहून? घरच्यांनी हाकलून दिलं का?" म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू मूळचा कुठला?"

मी छाती पुढं काढून सांगितलं. बाळापूर, आमचं घर, आमची बैलजोडी, माझी माय कशी तिच्या बापाची एकुलती एक लेक आणि म्हणून आजोळचा मळा कसा आमच्याकडं आला, सगळं. म्हातारी हं हं करत होती. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात गोविंदा म्हणाला, "आजी, सोयरीक इचारायची तर आमच्या किसनला इचारा! तो कळमनुरीकडचा. त्याला समदे धागे ठाव हाईत." भूक लागली की त्याचं डोकं बंद पडायचं.

सुपातला हात थांबला. आतली भाकरीची थाप थांबली.

"कळमनुरीकडचा कोण म्हणलास?"

मी पुढं झालो. "ह्याला काय कळतं आजी! किसन बाळापूरचाच. माझा मावसभाऊ हाय."

"मावसभाऊ?" म्हातारी म्हणाली. "आत्ताच म्हणलास, माय एकलीच लेक. मग मावशी कुठून काढली?"

मधूनं कपाळाला हात लावला. पण मी एकदा बोललो की मागं सरत नाही. "मानलेली मावशी."

"कोणी मानली?"

"आमी."

"कवा?"

"...आता."

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "खांबाआडच्या, पुढं ये रं."

किसन पुढं आला. म्हातारीनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. त्याच्या हनुवटीला मधोमध खळगी होती. आम्ही रोज बघायचो, कधी काही वाटलं नव्हतं. म्हातारीनं त्याला गाव विचारलं नाही, मामाकूळ विचारलं नाही. हात सोडला आणि आत हाक मारली, "सूनबाई, पोरं भुकेली हाईत. वाढ."

ती बाई बाहेर आली. पीठ लागलेले हात, पदर डोक्यावर, आणि हनुवटीला तीच खळगी. सोवळ्यातल्या मधूनं आपल्या दशम्या सोडल्या, आम्हाला तिनं भाकरी वाढली, वर तुरीचं वरण. किसनपाशी आली तेव्हा भाकर ताटात न पडता जमिनीवर पडली. ती उचलली, दुसरी आणली, ती पण हातातच धरून उभी राहिली. मग जमिनीकडं बघत विचारलं, "नाव काय बाळा?"

"किसन," तो म्हणाला. जे नाव तिनंच ठेवलं, तेच तिला सांगितलं. मान वर करायची त्याची छाती होईना. जिला बघायला तो एवढं चालला, तिचे पायच बघत बसला होता.

म्हातारी गुडघ्यावर हात रेटत उठली. "मी गोठ्यात चालले. गाय अडलीय. मला येळ लागल."

गोविंदा म्हणाला, "आजी, गाय तर हिकडं उभी..."

मी त्याच्या बरगडीत कोपर घातलं.

म्हातारीनं ओट्यावरून उतरता उतरता आमच्याकडं पाहिलं. "आन तुमी तिघं, सहलीला आलात न्हवं? तिकडं ईर हाय आमची. जाऊन बघा."

"आन किसन?" गोविंदानं परत विचारलं.

"तो दमलाय. त्याला बसू द्या घरात." तिनं सुनेकडं पाहिलं नाही. गाय अंगणातच बघत राहिली, म्हातारी गोठ्यात गेली.

आम्ही तिघं विहिरीवर गेलो. साधी विहीर. चार दगड, एक मोट, खाली हिरवट पाणी. बघण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिघं काठावर ओळीनं पालथे पडलो आणि बघत राहिलो. उन्हं कलली, सावली आमच्या पाठीवर आली, तरी बघत राहिलो. घराकडं मान वळवायची नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

गोविंदा दमला. "काय हाय रं हिच्यात एवढं?"

"पाणी हाय," मी म्हणालो. "गप बघ."